बर्फाखालच्या माशाचा पाहुणचार

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

नाशिककराने नाशिककरांपुढे माशांवर बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे, कारण समुद्र आपल्यापासून घाटाखाली राहतो आणि कोकणातले पाहुणे आपल्या धरणातल्या माशाकडे जरा नाक मुरडूनच पाहतात. त्यात आजचा माझा मासा तर आपल्या धरणातलाही नाही. बर्बट गोदावरीत कधी आला नाही आणि येणारही नाही, कारण हा मासा ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या तळ्यांच्या बर्फाखाली, शून्य ते चार अंशांच्या पाण्यात अंडी घालतो. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की आपण वर्तमानपत्रात मथळे छापतो. बर्बटचा लग्नाचा मुहूर्त त्यानंतर लागतो.

मुलीकडे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मी दोन हिवाळे काढले, तेव्हा या माशाची गाठ पडली. शेजारी रात्री तळ्यावर जात, बर्फाला भोक पाडून गळ टाकत आणि कंदिलाच्या उजेडात बसून राहत. पहिला बर्बट वर आला तेव्हा मी जवळच उभा होतो. डोके चपटे आणि रुंद, हनुवटीखाली एकच मिशी, अंग वांबीसारखे लांबट आणि पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांचे. शेजाऱ्यांनी त्याला धरताच त्याने शेपटीचा विळखा त्यांच्या मनगटाला घातला, आणि विळखा सुटला तेव्हा त्यांचा हातमोजा चिकट बुळबुळीत द्रवाने असा माखला होता की, या माशाचे नाव आपल्या ‘बरबटणे’ या क्रियापदावरूनच पडले असावे, असे मला क्षणभर वाटले. प्रत्यक्षात ते नाव दाढी या अर्थाच्या लॅटिन शब्दाकडे जाते. या ध्यानामुळेच तिकडचे बरेच गळवाले तो पाण्याबाहेर आला की तोंड वाकडे करतात. परंतु कुळाने तो कॉडचा भाऊबंद आहे. ज्या कॉडच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी नाक दाबून गिळल्या, त्याच्या गणातला संपूर्ण आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा हा एकमेव मासा. कॉडचे पांढरे, घट्ट, बारीक काट्यांचा त्रास नसलेले मांस त्याला वारशाने मिळाले आहे, आणि आजचे सगळे बोलणे या एका गुणाभोवती फिरणार आहे.

आता माझी फजिती सांगतो. शेजाऱ्यांनी दिलेला पहिला मासा मी घरी आणला, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवला आणि मग कांदा-खोबरे भाजून, नाशिकहून नेलेला काळा मसाला घालून, मटणासारखा अर्धा तास रटरट शिजवला. रस्सा उत्तम झाला होता. तुकडे मात्र रबरासारखे चिवट झाले. जावयाने भाकरी रश्शात कुस्करून खाल्ली आणि मासा ताटाच्या कडेला सारला. त्याच्यावर मी आजही रागावलेलो नाही. या मांसात चरबी फार थोडी असते, त्यामुळे आच थोडी जरी जास्त झाली, तरी त्यातली प्रथिने आकसतात, आतले पाणी पिळून बाहेर टाकतात आणि मग कोणताही मसाला त्याला मऊ करू शकत नाही. शिळ्या किंवा गोठवून ठेवलेल्या बर्बटचीही हीच तक्रार तिथले लोक करतात. म्हणून तो पकडल्या दिवशीच खावा, असा त्यांचा शिरस्ता आहे.

तो सोलण्याची रीत पाहण्यासारखी असते. खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले असतात की, ते खरवडण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. डोक्यामागे सुरीने गोल चीर द्यायची, कातडीची कड पकडीत धरायची आणि मोजा उतरवावा तशी ती शेपटीपर्यंत एका ओढीत उतरवायची. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी दोन लांब पट्ट्या निघतात. त्यांचे सुपारीएवढे तुकडे करून खळखळत्या खारट पाण्यात सोडायचे, कोणी त्यात चमचाभर साखरही घालतात. दोन-तीन मिनिटांत तुकडे पांढरेशुभ्र होऊन वर तरंगले की लगेच झाऱ्याने काढायचे आणि वितळलेल्या लोण्यात बुडवून खायचे. याला ते ‘गरिबाचा लॉब्स्टर’ म्हणतात. लोण्याऐवजी मी लसणाची फोडणी दिलेले साजूक तूप वापरून पाहिले आणि माझ्या मते ते अधिक बरे लागते, मग शेजाऱ्यांनी कितीही हरकत घेतली तरी.

फिनलंडमध्ये याच माशाचे हिवाळी सूप करतात आणि तिथे आपल्या सोवळ्याची परीक्षा होते, कारण ते दुधात किंवा सायीत होते. मासे आणि दूध एकत्र म्हणजे विरुद्धाहार, अंगावर कोड उठेल, हे ऐकत आपण मोठे झालो. डोके आणि काटे कांदा व अख्ख्या मिऱ्यांबरोबर उकळून पाणी गाळून घ्यायचे, त्यात बटाटे शिजवायचे, दूध घालायचे, शेवटी माशाचे तुकडे सोडून आच बंद करायची आणि वरून शेपू भुरभुरायचा. होय, शेपूच, ज्याची भाजी पाहून आपली मुले ताट सरकवतात, तोच. मी दोन वाट्या प्यायलो आणि कोड काही उठले नाही.

या सुपात खरा मान काळजाचा असतो. बर्बटचे यकृत शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत भरते, फिकट, लोण्यासारखे मऊ असते आणि त्यात अ व ड जीवनसत्त्वे भरपूर असतात. मिनेसोटातल्या बॉडेट गावी रॉवेल कुटुंबाने कोल्ह्यांना बर्बट खाऊ घातला, त्यांची लव चकाकू लागली आणि 1930च्या दशकात त्या काळजाच्या तेलाचा धंदाच उभा राहिला. तव्यावर तुपात परतलेले काळीज भाकरीच्या पापुद्र्यावर फासून खाल्ले तर कलेजीचा अभिमान थोडा उतरतो. मात्र अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकामुळे गरोदर बाईने ते खाऊ नये. गाबोळीही तिकडे मीठ लावून, चिरलेला कांदा आणि आंबट सायीबरोबर कच्चीच खातात. पण या माशात माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, म्हणून ती आधी उणे वीस अंशांवर सात दिवस गोठवलेली असावी. काळीजही आतपर्यंत नीट शिजलेलेच खावे.

आता तुमच्या मनात असेल की, हे सगळे ऐकून नाशिकमध्ये करायचे काय? रोहू, कटला, मृगळ यांच्यावर हा प्रयोग करू नका. त्यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे फुटलेले काटे असतात, ते रश्शात जिभेने शोधता येतात, लोण्यात बुडवलेल्या तुकड्यात घशात जातात. बर्बटच्या जवळचा आपल्याकडे मरळ. तो हवेतून श्वास घेतो, म्हणून बाजारात पाण्याच्या टोपात जिवंत मिळतो. सकाळी जिवंत मरळ घ्यावा, साफ करणाऱ्याला कातडी काढून द्यायला सांगावे (तो एकदा तुमच्याकडे पाहील, दोनदा विचारील), घरी आल्याबरोबर तुकडे करावेत आणि पाणी खळखळल्याशिवाय एकही तुकडा आत टाकू नये. काळा मसाला बाजूला ठेवण्याची गरज नाही. तो डोके आणि काट्यांच्या रश्शात घालावा, आणि पांढरे तुकडे वेगळ्या वाटीत, तूप-लसणाबरोबर, बाजरीची भाकरी तव्यावर असतानाच पानात वाढावेत.