गोळी पोटात गेली म्हणजे अंगात गेली का?

माइक मागपर्यंत येतोय ना? बरं. पत्र्यावर पाऊस वाजतोय म्हणून जरा मोठ्याने बोलते. फलकावर विषय लिहिलाय 'शोषणाचे सिद्धांत', आणि मघाशी दारात एक काका म्हणाले, आज सावकारांवर बोलणार वाटतं! नाही काका, पण तुमचाच धागा धरते. शोषण हा शब्द आपण सावकाराला लावतो, टीपकागदाला लावतो, उन्हाला लावतो आणि औषधालाही लावतो. मला एवढंच सांगायचंय की दर वेळी विचारायला हवं, जे शोषलं गेलं ते गेलं कुठे?

ही बरणी आमच्या स्वयंपाकघरातली, जाडं मीठ आहे, तळाशी बघा पाणी सुटलंय. हे पाणी मिठातलं नाही, हवेतलं आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ पाणी ओढून त्यातच विरघळायला लागतं, आणि मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं ते तर 33 टक्क्यांलाच सुरू करतं. आपल्याकडे पावसात 90 असते, मग बरणीचं झाकण कितीही घट्ट लावा. आता ही छोटी पुडी, गोळ्यांच्या बाटलीत असते ती, सिलिका जेल. हीसुद्धा हवेतलं पाणी ओढते, पण हातात घ्या, कोरडी लागते, कारण इथे पाणी आत विरघळत नाही, दाण्यातल्या बारीक भोकांच्या भिंतींना चिकटून बसतं. ह्याला अधिशोषण म्हणतात, 1881 मध्ये हाइनरिख कायझरने हा वेगळा शब्द वापरात आणला. ह्या चिकटण्याचं गणित लँगम्युअरने 1918 च्या सुमारास मांडलं, एसटीच्या सीटांसारखं, सीट भरल्या की संपलं, उभ्याने प्रवास नाही. आणि सीटा किती असाव्यात? विषबाधेत देतात तो सक्रिय कोळसा, त्याच्या 1 ग्रॅमच्या आत साधारण 1000 चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे 10 गुंठे. चिमूटभर कोळशात 10 गुंठे! मला अजून ह्याचं नवल वाटतं.

आता ज्यासाठी मी आज आले ते सांगते. माझं मेडिकलचं दुकान मालवण तालुक्यात, इतकी वर्षं काउंटरला उभी आहे. काजूच्या कारखान्यात जाणारी एक बाई यायची, डोळ्यांची खालची पापणी ओढली की आत पांढरीफटक. हिमोग्लोबिन 8, तीन महिने लोहाच्या लाल गोळ्या चालू, आकडा हलायला तयार नाही. जिथे तपासायला जायची तिथे तिला सगळ्यांसमोर बोलले, गोळ्या घरी नेऊन फेकतेस म्हणून. मला त्याचा आजही राग येतो, कारण तिने एक गोळी चुकवली नव्हती. मी विचारलं, कशाबरोबर घेता? तर म्हणाली, "रोज घेतंय गो ताई, चायवांगडा. नुसती घेतली की मळमळता."

चहाबरोबर! समोरच्या टपरीवरून कोरा चहा मागवला, तिच्याच पाकिटातली एक गोळी खलात कुटली आणि ग्लासात टाकून ढवळली. चहा बघता बघता काळवंडला, शाळेत दौतीत असायची तशी शाई. खरंच शाई आहे ती, पूर्वी मायफळ आणि हिराकस उकळून शाई करायचे त्यात हेच दोघे, चहात असतं ते टॅनिन आणि गोळीत असतं ते लोह. ती ग्लासाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ह्याच माझ्या पोटात होता? मी म्हटलं पोटात होता, अंगात नव्हता. आतड्याची नळी म्हणजे शरीरातून गेलेला बोगदा, त्याच्या पोकळीत जे आहे ते अजून बाहेरच आहे, भिंत ओलांडून रक्तात आलं तरच शोषलं गेलं. टॅनिनने धरलेलं लोह भिंतीपर्यंत पोचतच नाही, सरळ पुढे निघून जातं. मग तिला गोळी रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली, चहा लांब. दोन महिन्यांनी आकडा 10 च्या वर, पेढे घेऊन आली.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं. अरे देवा, भौतिकशास्त्र राहिलंच की.

तर भराभर सांगते. प्रकाशाचं शोषण. 1729 मध्ये बूगे, 1760 मध्ये लँबर्ट, 1852 मध्ये बीअर, तिघांचं मिळून एकच म्हणणं, की प्रत्येक थर आलेल्या प्रकाशाचा ठरावीक वाटा खातो, ठरावीक रक्कम नाही. पाणी लाल रंग आधी खातं. खोल गेलात की तांबोशी मासळी काळपट दिसते, वर आणली की लालबुंद. आणि इथे 'गेलं कुठे' चं उत्तर एकदम वेगळं, प्रकाश साठून राहत नाही, त्याची उष्णता होते.

औषधाचं म्हणाल तर 1950 च्या दशकात ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या रेणूवर विद्युतभार नाही तो स्निग्ध पडद्यातून सहज सरकतो, जठराच्या आम्लात ॲस्पिरिनवर भार नसतो, म्हणून ते तिथेच शोषलं जायला हवं. जातंही, पण जास्त जातं लहान आतड्यात, जिथे हिशोब उलटा आहे, म्हणजे त्याच्यावर भार असतो, कारण तिथे जागा मोठी. आतड्याचा पृष्ठभाग 200 चौरस मीटरच्या वर असं पुस्तकात असायचं, 2014 च्या मोजणीत तो 30 च्या आसपास आला, तरी जठरापुढे खूपच. लोह मात्र असं सरकत नाही, त्याला पेशीवर खास दार आहे, आणि शरीरात साठा पुरेसा असला की तो रस्ता शरीर आवळून धरतं.

एक शेवटचं, हे राहून चालणार नाही. आता भाताची लावणी चालू आहे, डॉक्टरांनी लेप्टोसाठी, म्हणजे शेतातल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी, आठवड्याची डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली असेल तर ती भरपूर पाण्याने, बसून घ्या, लगेच आडवे होऊ नका. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तसं डॉक्टरांना आधी सांगा. दोघं पोटात एकमेकांना धरतात, आणि नुसतं अंतर ठेवून भागत नाही, कारण रक्तात पोचलेली डॉक्सीसुद्धा परत आतड्यात उतरते आणि तिथे लोह तिला पकडून ठेवतं.