उशीवरून दिसणारे करकोचे

श्रोतेहो, नमस्कार.

माझी लेक अकरावीसाठी लातूरला गेली, त्या वेळची गोष्ट. तिघी मुलींत मिळून एक खोली. तीन लोखंडी कॉट, तीन टेबलं, वर चुन्याचा पांढरा स्लॅब. पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली, "आई, झोप येत नाही तेव्हा वर बघावं, तर वर काहीच नाही गं."

हे माझ्या मनातून जाईना. आमच्या जुन्या घराला माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं धाब्याचं छत होतं. आडवं पडलं की किलचनाच्या, म्हणजे छताच्या लाकडी फळ्यांच्या फटींत हत्ती, म्हातारी, असं काहीबाही शोधता शोधता डोळा लागायचा. तान्ह्या लेकराच्या पाळण्यावर आपण कापडी राघू बांधतोच. मग सोळा वर्षांच्या लेकराच्या कॉटवर का नको?

पुढच्या खेपेला तिच्या कॉटवर कागदी पक्षी टांगायचे ठरवून मी सुई, दोरा, चार मणी आणि हिराच्या खराट्याच्या काड्या घेऊन गेले. कागद न्यायची गरजच नव्हती. सोडवून झालेल्या सराव प्रश्नपत्रिकांचा ढीग टेबलाखाली पडला होता. ए-फोर कागदातून २१ सेंटीमीटरचा चौकोन काढला की ८.७ सेंटीमीटर रुंदीची पट्टी उरते, आणि त्या पट्टीतून दोन लहान चौकोन निघतात. म्हणजे एका प्रश्नपत्रिकेत एक मोठा पक्षी आणि त्याची दोन पिल्लं!

पक्षी कोणता? ओरिगामीतला, म्हणजे कागदाला घड्या घालून आकार करण्याच्या जपानी कलेतला, करकोचा. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर करकोचे उतरतात, तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. सुरुवात तोंडी सांगते. चौकोनावर दोन्ही कर्णांच्या घड्या घाला. कागद पालथा करून मधोमध, आडवी आणि उभी, अशा दोन घड्या घाला. आता चारही टोकं एकत्र आणा, लहान चौकोन आपोआप मिटतो. त्यातून करकोचा होतो. त्याच घड्या ठेवून मध्य उलट्या बाजूला दाबला, तर त्रिकोण मिटतो आणि त्यातून फुगा होतो. मला याचं अजूनही नवल वाटतं. पुढच्या घड्या चित्र पाहूनच शिका. त्या चित्रांतले बाण आणि तुटक रेषा आज जगभर चालतात, त्यांचं मोठं श्रेय जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांना जातं.

आता मुख्य मुद्दा. आपण ही शोभा उभ्याने करतो आणि ती बघणारं माणूस मात्र आडवं असतं. चांदणीच्या एका टोकाला दोरा बांधून टांगली, तर खालून नुसती रेघ दिसते. तिला तीन दोऱ्यांनी सपाट, ताटासारखी टांगा, मग चांदणी दिसेल. करकोच्याचे पंख चांगले आडवे ओढा, कारण उशीवरून पंख आणि पोटच दिसतं. पोटाला खाली छिद्र असतं. दोऱ्याच्या टोकाला मणी बांधा, सुई त्या छिद्रातून घालून पाठीच्या मधल्या उंचवट्यातून वर काढा. मणी आत अडकतो, कागद फाटत नाही आणि पक्षी तोंडावर कलंडत नाही.

काडी साधारण ३२ सेंटीमीटरची घ्या. एका टोकाला मोठा पक्षी, दुसऱ्या टोकाला दोन्ही पिल्लं. पिल्लं दोन असली तरी मोठा त्यांच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणून वरचा दोरा मधोमध बांधायचा नाही. मोठ्यापासून सुमारे चौथ्या हिश्श्यावर सैल गाठ मारा, मग काडी समतोल होईपर्यंत गाठ सरकवा. अशा दोन-तीन काड्या एकीखाली एक जोडायच्या असतील, तर सगळ्यांत खालची आधी तोला. वरून सुरुवात केली तर दरवेळी सगळं उसवावं लागतं. आम्ही उसवलं, दोनदा!

कुठून बघितलं तरी सारखाच दिसतो तो कुसुदामा. त्यात साठ चौकोनांच्या साठ पाकळ्या, पाच-पाचांची बारा फुलं, आणि ती डिंकाने चिकटवून झालेला गोळा. कुसुरी म्हणजे औषध, तामा म्हणजे गोळा. जपानात पूर्वी अशा गोळ्यात सुगंधी वनस्पती भरून तो घरात टांगत. तिघींनी मिळून दोन रविवारांत पुरा केला.

जाड कागद करकोच्याला चालत नाही, घडीवर तडकतो. पण दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तिथला हातकागद मोठ्या, सोप्या आकारांना फार सुंदर दिसतो. त्याला ओलसर फडकं फिरवून मऊ घड्या घाला, वाळला की आकार कडक धरतो. ही रीतही योशिझावांचीच.

पंख्याखाली मात्र काहीच टांगू नका. घरमालकाने खिळा ठोकू दिला नाही, म्हणून आम्ही खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी ताणली, पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट आला, तर दमट हवेने घड्या उकलतात, पंख लोंबतात. एप्रिल-मे दोन महिने सगळं उतरवून डब्यात ठेवलेलं बरं.

आणि गाठ पक्की करण्याआधी एक करा. ज्याच्यासाठी टांगताय, त्याच्या कॉटवर स्वतः आडवे व्हा, त्याच्याच उशीवर डोकं टेकून वर बघा. मी पडले, तेव्हा कळलं की मोठा करकोचा लेकीकडे शेपूट करून बसलाय. उठून दोऱ्याला अर्धा पीळ दिला, तेव्हा कुठे त्याची चोच तिच्या बाजूला आली.

नमस्कार.