अभियंता सभेत उभा राहतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

९ जुलै २०२५ रोजी सकाळी पादरा तालुक्यातील गंभीरा पुलाचा एक गाळा कोसळला आणि त्यावरची वाहने मही नदीच्या पात्रात गेली. त्यानंतर कितीतरी दिवस बडोद्यात, दांडिया बाजारातल्या ओट्यांपासून रावपुऱ्यातल्या चहाच्या दुकानांपर्यंत, पुलाखेरीज दुसरा विषय नव्हता. पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडले गेले, असे प्राथमिक चौकशीच्या हवाल्याने जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी हे दोन शब्द सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. मात्र पेडेस्टल म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा तो लहानसा उंचवटा, ज्यावर पुलाचा भार बेअरिंगमधून, म्हणजे मधल्या टेकूच्या गादीतून, उतरतो, आणि आर्टिक्युलेशन म्हणजे तो सांधा, जिथे पुलाच्या एका भागाचा ओठ दुसऱ्या भागाच्या ओठावर टेकलेला असतो, एवढे साधे स्पष्टीकरण चारचौघांसमोर उभे राहून, चित्र काढून, कोणी अभियंत्याने केल्याचे माझ्या तरी पाहण्यात आले नाही. आजच्या भाषणाचा विषय ‘अभियांत्रिकीची जाहीर व्याख्याने, कालची आणि आजची’ असा आहे, आणि या विषयाकडे मी ज्या बाजूने पाहतो ती बाजू ही आहे.

अशा प्रसंगी काय करता येते, याचे एक जुने उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री तिथल्या टे नदीवरचा रेल्वेपूल, वरून गाडी जात असतानाच, कोसळला आणि गाडीतले कोणीही वाचले नाही. चौकशीत निष्पन्न झाले की पुलाची आखणी, बांधणी आणि देखभाल तिन्ही वाईट होत्या, आणि वाऱ्याच्या दाबाचा हिशेब आखणीत जवळजवळ धरलेलाच नव्हता. तो पूल आखणारे सर टॉमस बाऊच हेच पुढे फोर्थच्या खाडीवरही पूल बांधणार होते. ती योजना अर्थातच गुंडाळावी लागली, आणि काम जॉन फाउलर व बेंजामिन बेकर यांच्याकडे आले. वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला ५६ पौंड धरावा, अशी अट आता सरकारनेच घातली होती. परंतु कागदावर ५६ पौंड लिहिल्याने लोकांचा गेलेला विश्वास परत येत नाही. ज्या देशात नुकताच एक पूल गाडीसकट बुडाला होता, तिथे ५२१ मीटरचे दोन प्रचंड गाळे असलेला, जगात कोणी न पाहिलेल्या जातीचा पूल उभा राहत होता.

१८८७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बेकर यांना या पुलावर व्याख्यान द्यायचे होते, आणि श्रोत्यांत गणित न जाणणारेही पुष्कळ असणार होते. त्यांनी समीकरणे बाजूला ठेवली आणि चक्क माणसांचा पूल उभा केला. दोन खुर्च्यांवर दोन माणसे बसवली. त्यांनी दोन्ही बाजूंना हात पसरले आणि प्रत्येक हातात एक काठी धरली, जिचे खालचे टोक खुर्चीला टेकलेले होते. दोघांच्या बाहेरच्या हातांना विटांच्या थप्प्यांचे ओझे दिले, आणि आतल्या दोन हातांच्या मधे एक फळी टांगून त्यावर तिसरा माणूस बसवला. हा तिसरा माणूस म्हणजे काईची वातानाबे, फोर्थच्या कामावर असलेला एक जपानी अभियंता. खुर्च्या म्हणजे खांब, ताणलेले हात म्हणजे पुलाचे ताण सोसणारे घटक, काठ्या म्हणजे दाब सोसणारे घटक, विटा म्हणजे तोल राखणारे टोकाचे वजन आणि वातानाबे म्हणजे मधला टांगलेला गाळा. हात किती ताणला जातो आणि काठी किती दाबली जाते, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या खांद्यात जाणवते. या नमुन्याचे छायाचित्र आजही जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवतात, आणि मघाशी मी ज्या आर्टिक्युलेशनचा उल्लेख केला ते नेमके कुठे असते, असे कोणी विचारले तर याच छायाचित्रात वातानाबेची फळी जिथे शेजाऱ्याच्या हाताला टांगली आहे तिथे बोट ठेवावे. तीन माणसे, दोन खुर्च्या आणि थोड्या विटा, एवढा त्या नमुन्याचा खर्च.

ज्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे झाले तिथे ही रीत नवी नव्हती. मायकेल फॅरेडे यांनी शुक्रवारची सायंकालीन व्याख्याने आणि नाताळातली मुलांची व्याख्याने १८२५ च्या सुमारास सुरू केली, आणि सांगण्यापेक्षा दाखवण्यावर त्यांचा भर होता. त्याच्याही आधी, १८०० मध्ये, ग्लासगोला जॉर्ज बर्कबेक यांनी कारागिरांसाठी फुकट व्याख्याने सुरू केली होती, ती ऐकायला लोहार, सुतार, यंत्र जुळवणारे येत. म्हणजे जाहीर व्याख्यानाचे दोन प्रवाह सुरुवातीपासून होते: एक सभ्य श्रोत्यांचा आणि एक काम करणाऱ्या हातांचा. आपल्याकडे १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि मराठी माणसाला व्याख्यानाला जाण्याचा जो छंद जडला तो अजून सुटलेला नाही. त्या व्यासपीठांवर राजकारण, समाजकारण, साहित्य आणि अध्यात्म यांना कधीच वाण पडली नाही. यंत्र, पूल आणि पाणी यांच्या वाट्याला मात्र क्वचितच एखादी संध्याकाळ आली. मराठी सभेला वक्तृत्व आवडते, आणि अभियंत्याला बहुधा वक्तृत्व नसते, एवढेच त्याचे कारण असावे असे मला वाटते.

बडोद्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. फोर्थचा पूल मार्च १८९० मध्ये वाहतुकीला खुला झाला, आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी इथे कलाभवनाची स्थापना केली. पहिले प्राचार्य प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या सुतारकाम करणाऱ्या घराण्यातले, रसायनशास्त्राचे अध्यापक. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, शिल्प आणि चित्रकला शिकायला येणाऱ्या मुलाला आधी इंग्रजी आलेच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. देशी भाषांत शिकवायचे तर पुस्तके हवीत, पुस्तके हवीत तर परिभाषा हवी, म्हणून त्यांनी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला हाती घेतली आणि रंगाऱ्यांसाठी ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिक काढले. जर्मनीहून येणारे नवे रासायनिक रंग कोणत्या धाग्यावर कसे धरतात, हे पिढीजात रंगाऱ्याला त्याच्याच भाषेत सांगायचे, हा त्यामागचा उद्देश होता. (जाता जाता सांगायला हरकत नाही की मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर चापेकरांनी फासलेले डांबर इतरांना निघेना, ते पुढे याच गज्जरांनी काढले. देशभक्तांना ते रुचले नसणार, पण रसायनशास्त्राची जाहिरात त्याहून मोठी झाली नसती.) दादासाहेब फाळके काही काळ या कलाभवनात शिकले. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी गुरूंच्या साथीने १९०७ मध्ये अलेम्बिकचा कारखाना काढला. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रविद्या शाखेत सामावले गेले, आणि आजही जुने बडोदेकर त्या आवाराला कलाभवनच म्हणतात.

त्यानंतरचा अध्याय ग्रंथालयाचा आहे. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्या खात्यात एक दृश्य-शिक्षणाची शाखा होती. काचेच्या चित्रांचे दीप, स्टिरिओस्कोप आणि पुढे सिनेमाची यंत्रे घेऊन माणसे खेड्यांत जात आणि संध्याकाळी फुकट खेळ दाखवत. पडद्यावर चित्र आणि शेजारी उभा राहून बोलणारा माणूस, हा प्रकार मराठी प्रेक्षकाला परका नव्हता, कारण कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ हा अशाच चित्रदीपाचा खेळ गावोगावी नेला होता. आजच्या स्लाइड दाखवून बोलणाऱ्या व्याख्यात्याने आपली परंपरा शोधायची झाली तर ती इथे सापडते. फरक एवढाच की त्या दीपवाल्याला पडद्याकडे पाठ करून श्रोत्यांकडे पाहावे लागे, आणि आजचा वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून पडदा वाचून दाखवतो.

आजच्या व्याख्यानांना मी नावे ठेवायला बसलेलो नाही. आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने मिळून सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमावर हजारो तासांची व्याख्याने कोणालाही फुकट पाहता येतात, आणि माझ्या विद्यार्थिदशेत ज्या पुस्तकाच्या एका प्रतीसाठी वर्गभर रांग लागे, त्यातला विषय आज एखादी मुलगी डभोईला घरी बसून शिकते. ही भेट लहान नाही. शिवाय १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला अभियंता दिन होतो आणि गावोगावी सभा भरतात. अडचण त्या सभांच्या विषयांत आहे. गेली काही वर्षे मी नेमाने जातो. कृत्रिम बुद्धिमत्ता, चौथी औद्योगिक क्रांती, भविष्यातील शहरे अशी मोठमोठी शीर्षके असतात, वक्ता बाहेरून आलेला असतो, सत्काराला अर्धा तास जातो, आणि प्रश्नोत्तरांची वेळ येते तेव्हा निवेदक घड्याळ दाखवतो. ज्या विश्वेश्वरय्यांच्या नावाने सभा भरते त्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे कसे चालत, हे त्या सभेत कोणी सांगितल्याचे मी ऐकले नाही.

दाखवून सांगितले की काय होते, याचा मला आलेला अनुभव सांगतो. एका छोट्या सभेत एका निवृत्त प्राध्यापकांनी नवा खडू हातात घेतला आणि दोन टोके धरून वाकवला. तो मधोमध सरळ आडवा तुटला. मग दुसरा खडू घेतला आणि ओला कपडा पिळतात तसा पिळला. तो तिरप्या, वळत जाणाऱ्या रेषेत तुटला, साधारण ४५ अंशांत. त्यांनी ते तुकडे पहिल्या रांगेत हातोहात फिरवले आणि सांगितले की खडू दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र सोसत नाही. पिळल्यावर सर्वांत जास्त ताण ४५ अंशांच्या दिशेने येतो, म्हणून तडा त्याच्या आडवा जातो. आता तुमच्या घराच्या तुळईला आधाराजवळ तिरपी भेग दिसली तर ती गिलाव्याची भेग म्हणून रंगाऱ्याला बोलावू नका, अभियंत्याला बोलवा. मागच्या रांगेतले एक गृहस्थ, व्यवसायाने गवंडीकामाचे ठेकेदार, उठून म्हणाले, “सर, तीस वर्षं आम्ही तिथं सळ्यांभोवती रिंगा जवळजवळ बांधतो, पण का बांधतो ते आज कळलं.” त्यानंतर प्रश्न थांबेनात. सभागृहाच्या रखवालदाराने दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा लोक उठले.

बडोद्याला अशा व्याख्यानांसाठी विषय शोधायला कुठे जावे लागत नाही. डभोई ते मियागाम हा देशातला पहिला नॅरोगेज लोहमार्ग १८६२ मध्ये सुरू झाला आणि त्यावरचे डबे आधी बैल ओढत, कारण रूळ इंजिनाच्या वजनाचे नव्हते. तो विषय आपल्या दाराशी आहे. आणि त्याच दारावरून आज अहमदाबाद–मुंबई वेगवान रेल्वेचे ४० मीटर लांब, सुमारे ९७० टनांचे अखंड गर्डर उचलून खांबांवर ठेवले गेले. ते ठेवणारे यंत्र स्वतःच आधी ठेवलेल्या गर्डरवरून पुढे सरकते. हजारो लोकांनी ते रस्त्याकडेला उभे राहून मोबाइलवर टिपले. त्यांना तेव्हाच कोणी दहा मिनिटे समजावून सांगितले असते तर त्या चित्रफितींना अर्थ आला असता. लालबागेजवळच्या प्रताप विलास राजवाड्यात रेल्वे अधिकाऱ्यांची प्रबोधिनी अनेक वर्षे चालली आणि तिथेच गतिशक्ती विद्यापीठ उभे राहिले आहे. म्हणजे बोलणारी माणसेही गावातच आहेत.

परंतु मला पहिले व्याख्यान निवडायला सांगितले तर मी आजव्याचे निवडीन. आजव्याचे सयाजी सरोवर, म्हणजे शहराला पाणी देणारा जलाशय, १८९० च्या सुमारास अभियंता जगन्नाथ सदाशिवजी यांच्या आखणीतून उभे राहिले, आणि पंपाशिवाय, निव्वळ उताराने पाणी शहरात येईल अशी त्याची योजना होती. पावसाळ्यात आपण सगळेच रोज सकाळी आजव्याची पातळी विचारतो, २११ फूट झाली, २१२ झाली असे एकमेकांना सांगतो, पण तो आकडा कुठून मोजलेला आहे, दरवाजे कोणत्या पातळीला उघडतात, सोडलेले पाणी काळ्या घोड्याच्या पुलापर्यंत पोचायला किती वेळ लागतो आणि तोपर्यंत शहरात पडलेला पाऊस त्यात कसा मिसळतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली, घरांत पाणी आले, मगरी गल्ल्यांत आल्या, आणि दोष कोणाचा यावर भरपूर वाद झाले. पाणी कसे चढले, हे मात्र वादात हरवून गेले.

ते व्याख्यान मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, काचेची जमीन असलेल्या त्या पुस्तकांच्या कपाटांशेजारी व्हावे. भाषा मराठी आणि गुजराती दोन्ही. टेबलावर वाळू आणि प्लॅस्टरचा नदीपात्राचा लांबट नमुना असावा, त्यात आजव्याचा जलाशय आणि देव, सूर्या व ढाढर या नद्या यांच्या जागा रंगाने दाखवाव्यात, आणि वक्त्याने मगातून पाणी सोडून ते कुठे तुंबते हे दाखवावे. सत्कार नको. अर्धा तास बोलणे, एक तास प्रश्न. पहिला प्रश्न विचारायला समा किंवा फतेगंजच्या तळमजल्यावर राहणारे कोणीही चालेल, आणि त्यांनी सोबत आपल्या भिंतीवरची पाण्याची खूण जमिनीपासून मोजून, कागदावर लिहून आणावी, म्हणजे वक्त्याला ती नमुन्यावर लावून पाहता येईल.

नमस्कार.