कागदाबरोबर चालून पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

कामाची पद्धत सोपी कशी करायची, हा आजचा विषय. पण आधी एक गोष्ट सांगतो.

तीसेक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत हिशेबनीस होतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास एक ताई आल्या. त्यांना पिको-फॉलच्या मशीनसाठी आठ हजार कर्ज हवं होतं. नवरात्र ते दिवाळी हा ब्लाउज-साड्यांचा सीझन. त्यात हप्ते सहज फिटले असते. कागद पूर्ण होते, दोन जामीनदार होते. कर्ज मंजूर झालं आणि चेक तयार झाला भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी. ताई आल्या, चेक हातात घेतला, बघितला आणि परत टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "सीझन गेला भाऊ. आता हप्ता कशातून भरू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली. पुढचा जो अर्ज आला, त्याच्याबरोबर चालायचं ठरवलं. अक्षरशः चालायचं. अर्ज टेबलावर कधी आला, हातात कधी घेतला, पुढे कधी गेला, सगळं घड्याळ लावून लिहिलं. अर्जाला तेवीस दिवस लागले, आणि त्यातलं प्रत्यक्ष काम किती? पन्नास मिनिटं. पुन्हा सांगतो, तेवीस दिवसांत काम पन्नास मिनिटांचं. बाकी सगळा वेळ कागद ट्रेमध्ये पडून होता.

आणखी एक सापडलं. अर्जदाराचं नाव आणि खाते नंबर चार वह्यांत उतरवला जात होता. चौथी वही लाल कापडी बांधणीची. ती कोण बघतं? कोणीच नाही. आवक-जावक कागदांची नोंद ठेवणारे जुने बारनिशी कारकून म्हणाले, "पूर्वी एक अर्ज हरवला होता, तेव्हा साहेबांनी सुरू करायला सांगितली." ते साहेब कधीच रिटायर झाले होते. कधीकाळी हरवलेल्या एका अर्जापायी नंतरचा प्रत्येक अर्ज त्या टेबलावर दोन दिवस थांबत होता.

आम्ही दोन वह्या बंद केल्या. जामीनदार समोर उभा असतानाच खिडकीवर सही पडताळू लागलो. लहान कर्जांसाठी महिन्याच्या उपसमितीची वाट बघायची नाही, बाजाराच्या दिवशी दोन संचालकांनी येऊन सह्या करायच्या. पुढच्या श्रावणात त्याच ताई आल्या. आठव्या दिवशी चेक. नवरात्रात मी मुद्दाम त्यांच्या गल्लीतून गेलो, तर उंबऱ्यापर्यंत रंगीत दोऱ्यांचे तुकडे पडले होते.

तर श्रोतेहो, सूत्र एवढंच: कामातली नको ती पायरी आधी काढून टाका, मग संगणक आणा. आधी पायरी काढा. नको असलेली वही संगणकात घातली, तर ती नको असलेलीच राहते, फक्त महाग होते.

अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीचं उदाहरण व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी 1990 साली मांडलं. पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या खात्यात 500हून जास्त माणसं होती. संगणक आणून 20 टक्के कमी करू, असा बेत होता. मग माझ्दा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं. कंपनी लहान खरी, पण तिथे हेच काम 5 माणसं करत होती. फोर्डमध्ये ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल हे तीन कागद जुळवण्यातच दिवस जायचे. त्यांनी बिलच काढून टाकलं. माल ऑर्डरप्रमाणे आला की पैसे निघायचे. त्या खात्यातली माणसं 75 टक्क्यांनी कमी झाली. माझं मात्र ठाम मत आहे, की माणसं घटवायला हे काम हाती घेऊ नये. तसं केलंत तर पुढच्या वेळी कुठली पायरी फालतू आहे, हे तुम्हाला कोण सांगेल?

आपल्याकडे 1980च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची घडी अशीच नव्यानं बसवली. 'लखिना पॅटर्न' सरकारी नोकरीतल्या श्रोत्यांना ठाऊक आहेच. कुठला कागद कायम ठेवायचा, कुठला 30 वर्षं, कुठला वर्षभरानं नष्ट करायचा, हे अ, ब, क, ड वर्ग सगळ्यांना पाठ असतात. पण ड वर्गाचे, म्हणजे वर्षभरानं नष्ट करायचे, गठ्ठे कपाटातच राहतात, आणि हवा तो कागद त्यांच्याखाली दबतो.

आणि हो, खिडकीबाहेर एक बाक आणि पाण्याचा माठ ठेवा. अर्जदाराला उभं ठेवणाऱ्या ऑफिसची पद्धत चांगली असूच शकत नाही, असं मला वाटतं. असो.

हे काम एकदा करून संपत नाही. आमच्या पतसंस्थेत दोन वर्षांत आणखी एक वही सुरू झाली होती. ती मीच सुरू केली होती, चांगल्या हेतूनं. म्हणून आम्ही नेम केला: मार्चअखेरचे हिशेब उरकले, की एप्रिलच्या पहिल्या शनिवारी एक अर्ज घ्यायचा आणि त्याच्याबरोबर चालायचं. दरवर्षी. दर वेळी नवा माणूस, कधी शिपाई, कधी संचालक. कारण रोज त्या टेबलावर बसणाऱ्याला तिथला ट्रे दिसेनासा होतो.

त्या शंभर पानी वहीची पानं सातव्या वर्षी संपली. मग आम्ही दुसरी घातली.

नमस्कार.