हंगामाआधीची तपासणी

[दृश्य: रिकामं केन यार्ड. मिल हाऊसमध्ये उतरवलेले रोलर.]

जुलै महिना. मराठवाड्यातल्या या सहकारी साखर कारखान्याचं गाळप कधीच संपलंय, पण आवारात गडबड आहे. मिलचे रोलर उतरवलेत, टर्बाइन उघडलंय, बॉयलरच्या नळ्या एकेक करून बघितल्या जाताहेत. निरीक्षकाचं प्रमाणपत्र आल्याशिवाय बॉयलर पेटत नाही, हे वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

याच आवारात ईडीपी, म्हणजे संगणक विभाग आहे. वजनकाट्याची पावती, शेतकी विभागाची ऊस नोंद, सभासदांची बिलं, कामगारांचे पगार, सगळं तिथल्या सर्व्हरवर. ऑफ-सीझनच्या कामांच्या यादीत मात्र त्या सर्व्हरचं नाव नाही.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये चुका राहतातच. लाखो ओळी माणसं लिहितात, कुठेतरी एखादी तपासणी सुटते आणि बाहेरच्याला आत शिरायला वाट मिळते. अशी त्रुटी जाहीर झाली की तिला सीव्हीई क्रमांक मिळतो, म्हणजे जगभर चालणारा एकच ओळख क्रमांक. ही पद्धत १९९९ पासून चालत आली आहे. त्रुटी किती घातक, यासाठी शून्य ते दहा असे गुण असतात. नऊ आणि त्यापुढचं सगळं अतिगंभीर. मग कंपनी दुरुस्ती काढते, म्हणजे पॅच. आणि धोका तिथून वाढतो. दुरुस्ती कुठे केली हे पाहून वाट कुठे होती, हे हल्लेखोरालाही उमगतं.

[दृश्य: कॅलेंडरची पानं. मार्च, एप्रिल, मे २०१७.]

१४ मार्च २०१७. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीवर मायक्रोसॉफ्टनं पॅच दिला. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक कुलूपबंद झाले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. औषध जवळजवळ दोन महिने आधी हातात होतं.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. त्यानं हीच त्रुटी वापरली, शिवाय एका संगणकावरून पासवर्ड चोरून तो शेजारच्या संगणकात शिरत होता. त्यामुळे पॅच टाकलेली यंत्रंही सापडली. आपल्याकडे कितीतरी कार्यालयांत सगळ्या संगणकांना ॲडमिनचा एकच पासवर्ड असतो. तिथे नुसता पॅच पुरा पडणार नाही.

[दृश्य: कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर.]

संगणकांच्या तपासणीची सुरुवात करायची ती या डेडस्टॉक रजिस्टरपासून. यात टेबल आहे, कपाट आहे, संगणकही आहे, अनुक्रमांकासकट. त्यावर विंडोज कुठलं, कोणते प्रोग्रॅम, इंटरनेट आहे की नाही, कोण जबाबदार, हे रकाने नाहीत. ते आखायचे आणि पायी फिरून भरायचे. फिरायला लागलं की विसरलेल्या वस्तू भेटतात: सीसीटीव्हीचा डीव्हीआर, ज्याचा पासवर्ड खोक्यातून आला तसाच आहे. हजेरीचं बोटांच्या ठशांचं यंत्र. वजनकाट्याच्या संगणकात सॉफ्टवेअरवाल्यानं पुण्यात बसून दुरुस्ती करता यावी म्हणून ठेवलेली वाट, जी दोन हंगाम उघडीच आहे. विंडोज ७ चे नेहमीचे मोफत सुरक्षा पॅच १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. असे संगणक किती, हेही याच फेरीत कळतं.

मग स्कॅन, म्हणजे प्रोग्रॅम चालवून सगळ्या संगणकांतल्या त्रुटी शोधायच्या. पहिल्या स्कॅनचा अहवाल माणसाला घाबरवतो. शेकडो त्रुटी, पानंच्या पानं लाल. बहुतेक ठिकाणी तो ड्रॉवरमध्ये जातो, आणि याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यातल्या थोड्याच त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या जातात. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसा नोव्हेंबर २०२१ पासून अशा वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी चालवते. कुणालाही ती फुकट पाहता येते. आपला अहवाल आधी तिच्याशी ताडून पाहायचा. कोपऱ्यातल्या, जाळ्याला न जोडलेल्या संगणकातली साडेनऊ गुणांची त्रुटी थांबू शकते. इंटरनेटला तोंड करून बसलेल्या राउटरमधली सातची थांबू शकत नाही.

[दृश्य: मागच्या हंगामातलं चित्रण. रात्र. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्यांची रांग.]

हंगाम सुरू झाला की वजनकाटा चोवीस तास चालतो. तेव्हा कुणी त्या संगणकाला हात लावू देत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. पॅचनंतर काट्याचं वजन स्क्रीनवर येईनासं झालं, तर गेटबाहेरची रांग गावापर्यंत जाते आणि तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो. म्हणून जुलै-ऑगस्ट महत्त्वाचे. पॅच आधी एका जादा संगणकावर टाकून काटा जोडून बघायचा, मग एकेक काटा घ्यायचा. हंगामात गंभीर त्रुटी निघालीच आणि पॅच शक्य नसेल, तर वाट बंद करायची: इंटरनेट तोडायचं, लागत नाही ती सेवा बंद करायची, मिल आणि बॉयलरचं नियंत्रण करणारे संगणक कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवायचे. आणि पॅच का टाकला नाही, कधीपर्यंत टाकणार, हे लिहून कार्यकारी संचालकांची सही घ्यायची. ईडीपीतल्या दोन पोरांच्या गळ्यात हा भार टाकून चालणार नाही.

कारण सर्व्हर अडकला की अडकतं ते ऊसबिल. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यायची, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिलाची वाट बघणाऱ्याच्या डोक्यावर पीककर्ज असतं.

धोका दुसऱ्याच्या घरातूनही येतो. ३१ जुलै २०२४ ला बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाल्याचं समोर आलं आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंट जाळ्यापासून तोडलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या देशभरातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे, सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. शेतकऱ्याचं खातं अशाच बँकांत असतं. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याशी करार करताना एक कलम हवंच: त्रुटी कळल्यावर किती दिवसांत दुरुस्त करणार.

एवढं करूनही घटना घडलीच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावं लागतं आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे संगणकांतल्या हालचालींच्या नोंदी, जपून ठेवावे लागतात. तो ईमेल कोण करणार, हे आजच ठरवता येतं.

[दृश्य: संचालक मंडळाची बैठक.]

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्र झालेली असते. बुधवारी सकाळी ते उघडून कोण बघणार आणि किती दिवसांत टाकणार, एवढं ठरावात लिहिलं की गाळप सुरू व्हायच्या आत दोन-तीन फेऱ्या सहज होतात.