पत्र्याखालचा उन्हाळा

(दृश्य : कळवा, सकाळ. लोकलच्या दारातून दिसणारा पारसिकचा उतार.)

ठाण्याहून निघालेली लोकल खाडी ओलांडून कळव्याकडे येऊ लागली की पूर्वेला पारसिकचा डोंगर दिसतो. पायथ्यापासून अर्ध्या उतारापर्यंत घरे एकमेकांना खेटून चढत गेली आहेत. गाडीच्या दारातून पाहणाऱ्याला त्या घरांच्या भिंतींआधी त्यांचे पत्रे दिसतात : काही लोखंडी, काही सिमेंटचे, कुठे त्यांवर अंथरलेली निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून ठेवलेले दगड व जुने टायर. मार्च उजाडला की उन्हापासून जपण्याच्या सूचना सगळीकडून ऐकू येऊ लागतात, आणि त्यांत दुपारी बारा ते तीन या वेळेत घराबाहेर पडू नका, ही सूचना असतेच. ती योग्यही आहे. परंतु ज्या घरात थांबायचे त्याचेच छप्पर दुपारी तव्यासारखे तापत असेल, तर आत थांबलेल्या माणसाने काय करावे, हे ती सूचना सांगत नाही. हा लघुपट त्या छपराविषयी आहे.

(दृश्य : दुपार. घराचा आतील भाग. फळीवरील मेणबत्ती, जवळून.)

दहा बाय बाराची ही खोली आहे. वीज गेली तर हाताशी असावी म्हणून देवांच्या तसबिरीशेजारी फळीवर मेणबत्ती उभी करून ठेवली होती. ती पेटवलेली नाही, तिची वात अजून पांढरी आहे. तरीही ती मधोमध वाकून फळीच्या कडेवरून खाली झुकली आहे. फळी आणि पत्रा यांत जेमतेम एक हाताचे अंतर आहे. पत्रा उन्हाने तापतो आणि ती उष्णता खाली खोलीत फेकत राहतो, त्यामुळे उंचीवरचा पंखा वरची तापलेली हवाच खाली आणतो. घरातील आजी म्हणूनच पंख्याखाली न बसता मोरीच्या ओल्या लादीजवळ भिंतीला टेकून बसल्या आहेत. त्यांच्या पुढ्यात बांगड्यांना खडे चिकटवण्याचे काम आहे. ते काम दुपारी थांबत नाही, कारण संध्याकाळी माल न्यायला माणूस येतो.

(दृश्य : खाडी, भरतीची वेळ. तिवरांची रांग.)

ठाणे आणि नवी मुंबई ही खाडीकाठची शहरे आहेत, त्यामुळे विदर्भासारखा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा इथे येत नाही, आणि म्हणूनच इथल्या उन्हाळ्याला फारसे कोणी भीत नाही. मात्र इथला धोका निराळ्या वाटेने येतो. घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळला तर शरीर थंड होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही, तो नुसता ओघळतो. शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात, पण आतील उष्णता तशीच राहते. म्हणूनच भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर पोहोचल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीवर ३७ अंश पुरेसे मानतो. दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारे खारे वारे या पट्ट्याला दुपारी दिलासा देतात. मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी पूर्वेकडून जमिनीवरचे तापलेले वारे जोर धरतात आणि खाऱ्या वाऱ्यांना यायला उशीर होतो. ते जितके उशिरा येतात तितका पारा वर चढत जातो. उतारावरच्या दाट वस्तीत तर तो वारा सुटल्यावरही गल्लीत शिरत नाही, कारण दोन घरांमधील वाट एका माणसाच्या रुंदीची आहे.

(दृश्य : पहाटेचा उजेड. शिडी, बादल्या, कुंचे. छपरावर चढणारे तरुण.)

आता आपण ज्या कामासाठी इथे आलो आहोत त्याकडे वळू. वस्तीतील काही तरुणांनी रविवारी पहाटे एका छपराला पांढरे करायला घेतले आहे. यामागील तत्त्व साधे आहे : गडद आणि गंजका पत्रा ऊन शोषतो, पांढरा पृष्ठभाग त्यातील बराचसा भाग परत पाठवतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांमधील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम त्याच वाटेने वाढले. अशा छपराखाली खोलीतील तापमान साधारणपणे दोन ते पाच अंशांनी कमी राहते. वातानुकूलन यंत्र परवडणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल, परंतु मोरीजवळ बसलेल्या आजींसाठी तो किरकोळ नाही.

कळीचा चुना आदल्या दिवशीच भिजवलेला आहे. पाणी पडताच तो उसळतो आणि उकळल्यासारखा वाफाळतो, म्हणून पिंप लोखंडी घेतले होते, मुलांना दूर ठेवले होते आणि ढवळणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावला होता. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर इजा मोठी होते. रात्रभर निवल्यावर तो ताकाइतका पातळ केला जातो आणि जुन्या साडीच्या फडक्यातून गाळला जातो. फडक्यात उरलेले खडे बोटांनी चिरडून पुन्हा पाण्यात टाकणारा हात आपल्याला दिसतो आहे. हातमोजा घातलेला आहे, हे आवर्जून पाहावे. मग त्यात मूठभर मीठ आणि तांदळाची खळ मिसळली जाते, म्हणजे चुना पृष्ठभाग धरून राहतो.

हे छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचे आहे आणि ते जुने आहे. अशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. कोरडे घासले तर ते धुळीबरोबर छातीत जातात, म्हणून छप्पर आधी पाण्याने भिजवून मगच खराट्याने हलक्या हाताने झाडले आहे. वर चढलेला मुलगा पत्र्याच्या मधोमध पाय ठेवत नाही. खिळ्यांची रांग जिथे दिसते तिथे खाली आडवा वासा असतो, आणि त्या रांगेवर टाकलेल्या फळीवरूनच तो सरकतो. जुना पत्रा पायाखाली फुटून माणूस थेट खोलीत पडल्याचे प्रसंग वस्तीला ठाऊक आहेत, त्यामुळे खालची खोली आधीच रिकामी केली आहे.

पहिला हात उभा आणि दुसरा आडवा दिला जातो. ओला असताना चुना राखाडी दिसतो, जणू काही लावलेच नाही. ऊन वर येते तसा तो वाळत जाऊन शुभ्र होतो. साडेआठपर्यंत काम आटोपावे लागते, कारण नंतर पत्र्यावर हात टेकवत नाही. शेजारचे छप्पर मात्र लोखंडी आहे. लोखंडावर चुना फार टिकत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. तिथे उष्णता परतवणारा पांढरा तयार रंग लागतो. तो महाग आहे. हा खर्च प्रत्येक घराने एकेकट्याने उचलण्याऐवजी मार्च महिन्यात प्रभागाच्या निधीतून व्हायला हवा, असे आम्हाला ठामपणे वाटते. ठाणे महापालिकेचा स्वतःचा उष्णता कृती आराखडा आहे, आणि अशा उतारांवरची छपरे हा त्यातील अगत्याचा भाग असला पाहिजे.

(दृश्य : दुपार. माठ, ओली चादर, स्टीलचे पेले.)

छप्पर पांढरे झाले तरी उन्हाळा संपत नाही. दारावर ओली चादर टांगली आहे, माठाभोवती ओले फडके आहे. तहान लागण्याची वाट न पाहता दर थोड्या वेळाने पाणी प्यावे. ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, नाचणीची आंबील यांतून पाण्याबरोबर क्षारही मिळतात. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवी वाटे पाणी अधिक जाते, अशा रुग्णांनी गोळी स्वतःहून बंद न करता उन्हाळ्याच्या आरंभीच डॉक्टरांना विचारावे. कामगार नाक्यावर नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी देऊ नये, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात.

आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, झटके आले किंवा अंग तापून तो शुद्ध हरपू लागला, तर तो थकवा नसून उष्माघात आहे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत वाट न पाहता त्याला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मान, काख व जांघेत बर्फ किंवा थंड ओली फडकी ठेवावीत. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

किनाऱ्यावरचा हा धोका कल्पनेतला नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर उघड्यावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, आणि त्या दिवशीच्या उन्हामुळे १४ माणसे दगावली.

(दृश्य : संध्याकाळ. डोंगरावरून खाली पाहताना वस्ती. गंजक्या पत्र्यांत एक पांढरा चौकोन.)

सूर्य खाडीपलीकडे उतरला आहे. पत्रे लवकर निवतात, पण विटांच्या भिंती आणि लादी मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतात, म्हणून अंथरुणे दारापुढच्या ओट्यावर येऊ लागली आहेत. पांढऱ्या छपराखालच्या आजींनी आपले अंथरूण आज आत घातले आहे. पिंपात अर्धा चुना शिल्लक आहे. तो घट्ट होऊ नये म्हणून त्यावर पाणी ओतून ठेवले आहे, आणि वरच्या अंगाच्या घरातील बाई फडके आणि कुंचा मागून घेऊन गेल्या आहेत.