पाण्याच्या कमानीनंतरची वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

नवी विमानसेवा सुरू होते त्या दिवशी धावपट्टीजवळ अग्निशमन दलाच्या दोन गाड्या उभ्या असतात. विमान जवळ आलं की दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सुटतात, त्यांची कमान होते आणि विमान तिच्याखालून हळूहळू पुढे येतं. मग फित कापली जाते, पहिल्या प्रवाशाला गुच्छ मिळतो. दुसऱ्या दिवशी सगळीकडे हेच छायाचित्र छापून येतं. आज मला बोलायचंय ते या छायाचित्राच्या आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं, याबद्दल. लहान शहरांना मोठ्या शहरांशी जोडणाऱ्या विमानकंपन्या, ज्यांना आपण प्रादेशिक म्हणतो, त्या तरतात किंवा बुडतात ते नंतरच्या तीन-चार वर्षांत. आणि तेव्हा तिथे छायाचित्रकार नसतो.

आधीचं थोडक्यात सांगतो. विमानकंपनी काढायची म्हणजे नुसतं विमान आणून चालत नाही. देशाच्या हवाई नियामकाकडून उड्डाण चालवण्याचा परवाना लागतो. त्यासाठी कामकाजाच्या जाडजूड नियमपुस्तिका लिहायच्या, सुरक्षा, प्रशिक्षण आणि देखभाल यांचे जबाबदार प्रमुख नेमायचे, आणीबाणीत प्रवाशांना बाहेर कसं काढणार याचं प्रात्यक्षिक दाखवायचं. मग निरीक्षकांना बसवून, तिकीट काढलेला एकही प्रवासी न घेता, चाचणी फेऱ्या करायच्या. हे चालू असताना वैमानिकांचा पगार आणि विमानाचं भाडं यांचा मीटर पळतच असतो. विमान बहुतेक वेळा स्वतःचं नसतं, भाडेपट्ट्यावर घेतलेलं असतं, आणि ते उडो न उडो, दर महिन्याला हप्ता भरावाच लागतो. म्हणून पहिलं तिकीट विकलं जातं तेव्हा कंपनीच्या गाठीचा बराच पैसा आधीच संपलेला असतो. पुढच्या अनेक चुका याच घाईतून होतात.

आता विमानाकडे येऊ, कारण सगळं गणित तिथेच आहे. दोन शहरांमध्ये चारशे किलोमीटरचं अंतर आहे असं धरा. जेट विमान वेगवान असतं, पण एवढ्या अंतरात त्याला आपला वेग वापरायला वावच मिळत नाही. वर चढलं की उतरायची वेळ होते. पंख्याचं विमान, म्हणजे टर्बोप्रॉप, याच प्रवासाला दहा-पंधरा मिनिटं जास्त घेतं आणि इंधन मात्र बरंच कमी पितं. फ्रान्स आणि इटलीतल्या कंपन्यांनी मिळून बनवलेलं एटीआर ४२ हे विमान १९८४ मध्ये पहिल्यांदा उडालं, त्याचा मोठा भाऊ एटीआर ७२ हा १९८८ मध्ये. आज जगभरातल्या अनेक छोट्या कंपन्या याच दोन विमानांवर उभ्या आहेत. पंखे बाहेर फिरताना दिसतात म्हणून काही प्रवाशांना हे विमान जुनाट वाटतं. तसं ते नाही. आत जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं, फक्त त्याची ताकद पंखा फिरवायला वापरलेली असते.

छोट्या पल्ल्याचा आणखी एक छुपा खर्च आहे. विमानाची झीज फक्त उड्डाणाच्या तासांनी होत नाही, ती चढण्या-उतरण्यानेही होते. चाकं, ब्रेक, हवेच्या दाबाने दर फेरीला फुगणारा आणि सैलावणारा विमानाचा सांगाडा, या सगळ्यांचं आयुष्य फेऱ्यांमध्ये मोजलं जातं. लांब पल्ल्याचं विमान दिवसात दोनदा उतरत असेल, तर प्रादेशिक विमान आठदा उतरतं. विमानतळाचं शुल्कही प्रत्येक उतरण्याला. आणि हा सगळा खर्च दीडशे-दोनशे नव्हे, सत्तरच प्रवाशांमध्ये वाटायचा. छोट्या अंतराचं तिकीट किलोमीटरच्या हिशेबात महाग का, याचं उत्तर इथे आहे.

मग मोठं विमान का आणू नये? हा प्रश्न प्रत्येक कंपनीला मोहात पाडतो. दर सीटमागचा खर्च मोठ्या विमानात कमी पडतो, हे खरंच आहे. पण लहान शहरातून दिवसाला दीडशेच प्रवासी निघत असतील, तर मोठं विमान एकदाच जाऊ शकतं. सत्तर सीटचं विमान सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जाईल. ज्याला मोठ्या शहरात डॉक्टरांना दाखवायचंय, कोर्टाच्या तारखेला हजर राहायचंय, माल बघून सौदा पक्का करायचाय, त्याला सकाळी जाऊन रात्री घरी परतायचं असतं. दुपारी दोनची एकुलती एक फेरी त्याच्या काहीच कामाची नाही, तिकीट कितीही स्वस्त असलं तरी. प्रादेशिक कंपनी विकते ते अंतर नव्हे, प्रवाशाचा वाचलेला दिवस विकते. माझ्या मते या धंद्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि सगळ्यात आधी तीच विसरली जाते.

युरोपातली फ्लायबी ही कंपनी बघा. ११८ सीटची एम्ब्रेअर १९५ जेट विमानं घेणाऱ्या जगातल्या पहिल्या कंपन्यांमध्ये ती होती. पुढे तिच्याच मार्गांना ही विमानं मोठी आणि महाग ठरली आणि ती परत करण्याची वेळ आली. मार्च २०२० मध्ये कंपनी बंद पडली. बेलफास्ट सिटी आणि साउथहॅम्प्टन या विमानतळांवरची बहुतांश उड्डाणं या एकाच कंपनीची होती, त्यामुळे एका रात्रीत ते विमानतळ ओस पडले. मोठ्या शहरात एक कंपनी बुडली तर प्रवासी दुसरीकडे जातो. लहान शहराला दुसरीकडे जायला जागा नसते, म्हणून ही चर्चा फक्त भागधारकांची नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतलं. साउथवेस्ट एअरलाइन्सने १८ जून १९७१ रोजी टेक्सासमधली तीन शहरं जोडत सुरुवात केली. डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ. त्याआधी प्रस्थापित कंपन्यांनी तिला काही वर्षं कोर्टात अडकवून ठेवलं होतं. उड्डाणं सुरू झाली तीही तोट्यात, आणि पगार भागवण्यासाठी चारपैकी एक विमान विकावं लागलं. पण वेळापत्रक कापायचं नाही असं ठरलं. चार विमानांचं काम तीन विमानांत बसवायचं, तर जमिनीवरचा वेळ कमी करणं एवढाच मार्ग होता. विमान आलं, प्रवासी उतरले, नवे चढले, सामान भरलं आणि दहा मिनिटांत पुन्हा निघालं. ही कंपनी नंतर अवाढव्य झाली, पण पाया घातला गेला तो तीन शहरांत, तीन विमानांवर. आयर्लंडच्या रायनएअरची सुरुवात तर त्याहून लहान. १९८५ मध्ये वॉटरफर्ड ते लंडन, १५ सीटचं एक एम्ब्रेअर बांडेरांटे. केबिन इतकी बुटकी की कर्मचारीही ठेंगणे निवडावे लागले.

आता वाढीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. भारतात १९८१ मध्ये वायुदूत ही सरकारी कंपनी ईशान्येच्या राज्यांसाठी निघाली. हेतू अगदी योग्य होता. डोंगर, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, तिथे विमान चैनीची गोष्ट नाही. पण काही वर्षांतच तिचं जाळं देशभर पसरत गेलं. मागणी कमी, विमानं छोटी, ठिकाणं खूप. शेवटी १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. खासगी क्षेत्रातल्या एअर डेक्कनने ऑगस्ट २००३ मध्ये एटीआर विमानांनी सुरुवात केली, ज्यांनी कधी विमान आतून पाहिलं नव्हतं अशा लाखो लोकांना तिने बसवलं. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण चार वर्षांत ती साठहून अधिक ठिकाणी पोचली आणि तोटाही तसाच वाढला. २००७ मध्ये तिचा ताबा किंगफिशरकडे गेला, आणि २०१२ मध्ये किंगफिशरही थांबली.

आता कोणी म्हणेल, सरकारने मदत केली की सुटेल. मदत लागतेच, ते मी नाकारत नाही. नॉर्वेत डोंगर आणि समुद्राच्या फाट्यांमधल्या गावांसाठी १९६८ पासून ८०० मीटरच्या आखूड धावपट्ट्या बांधल्या गेल्या आणि वीडेरो ही कंपनी त्यांवर सेवा देत आली. तिथे सरकार ठराविक मार्गांसाठी निविदा काढतं आणि तूट भरून देतं. अमेरिकेतही १९७८ मध्ये विमानवाहतूक खुली केली, तेव्हा लहान गावं वाऱ्यावर पडू नयेत म्हणून अनुदानाची वेगळी योजना ठेवली, ती अजून चालू आहे. भारतात एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेतली पहिली उड्डाणं झाली. काही सीटचं भाडं मर्यादित, त्यातली तूट सरकार भरणार, पण तीन वर्षंच. त्या मुदतीत कंपनीने स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

यापुढचे आकडे जरा थांबून ऐका. महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालात पहिल्या टप्प्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांचा हिशेब आहे. त्यातले ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली. आणि मुदत संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग, मार्च २०२३ मध्ये, होते ५४. कारणं अनेक होती. कुठे धावपट्टी तयार नव्हती, कुठे विमान नव्हतं, कुठे प्रवासीच मिळाले नाहीत. मला यातून योजना फसली असं म्हणायचं नाही. जे ५४ मार्ग टिकले, तिथे लोकांचं जगणं बदललं असणार. पण तीन वर्षांत एखाद्या शहराला विमानाची सवय लागेलच असं धरून चालणं धाडसाचं आहे. लोक सवय बदलतात ती सेवा भरवशाची झाल्यावर.

भरवसा म्हणजे काय, तेही सांगतो. कंपनीकडे तीनच विमानं आहेत आणि त्यातलं एक बिघडलं, तर त्या दिवशी एक तृतीयांश वेळापत्रक कोलमडतं. सुटा भाग दुसऱ्या देशातून यायचा असेल तर दोन-तीन दिवस जातात. ज्याची शस्त्रक्रियेची तारीख चुकली, तो पुढच्या वेळी रात्रीच्या रेल्वेचं तिकीट काढतो, आणि पुन्हा विमानाकडे वळायला त्याला फार वेळ लागतो. म्हणून जाणत्या कंपन्या नवा मार्ग उघडण्याआधी एक विमान राखीव ठेवतात. ते उभं असतं, काही कमवत नाही, आणि संचालकांच्या बैठकीत सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतं. तरी ते हवंच. वैमानिकांचंही असंच. छोटी कंपनी त्यांना घडवते आणि अनुभव जमला की मोठी कंपनी दुप्पट पगारावर घेऊन जाते. एका वैमानिकाची तयारी करायला महिने लागतात, तो जातो मात्र नोटिशीची मुदत भरून.

तुमच्या शहरात नवी विमानसेवा येणार असेल, तर किती ठिकाणी जाणार हे विचारू नका. सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का, ते विचारा. राखीव विमान आहे का, मोठ्या विमानतळावर सोयीच्या वेळा मिळाल्यात का, पुढच्या लांबच्या विमानाचं तिकीट एकत्र काढता येईल का, हे विचारा. पहिल्या वर्षी दोनच मार्ग असतील तर नाक मुरडू नका. त्या दोन मार्गांवर वर्षभर विमान वेळेवर सुटलं, तर तिसरा मार्ग प्रवासीच मागतील.

एक अडचण मात्र कंपनीच्या हातात नाही. तीस ते पन्नास सीटचं नवं विमान घ्यायचं म्हटलं तर आज पर्याय जवळजवळ एकच उरलाय, एटीआर ४२. वीडेरो वापरते ती ३९ सीटची डॅश ८ विमानं आता बनत नाहीत. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या एका कंपनीने विजेवर आणि इंधनावर मिळून चालणाऱ्या ३० सीटच्या विमानाचं काम हाती घेतलं, पण असं विमान अजून प्रवासी सेवेत आलेलं नाही. ज्या गावातून दिवसाला पंचवीसच माणसं निघतात, त्या गावाची विमानसेवा तोपर्यंत जुन्या विमानांच्या देखभालीवर आणि ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या हातांवर चालणार आहे.

नमस्कार.